पार्किन्सन्स: कंपाशिवाय आणखी काय काय होतं आणि आजार पुढे कसा सरकतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. घरात मात्र रोजची झुंज भलत्याच गोष्टींशी चाललेली असते: तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, रात्रीची झोप नाही, उठताना अंधारी येते, कशात मन लागत नाही. डॉक्टरांकडे मिळणारी दहा मिनिटं हातपाय तपासण्यात जातात आणि हे सगळं सांगायचं राहून जातं.

आमच्या मदतगटात शुभार्थी, म्हणजे ज्यांना आजार आहे ते, आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यातले बरेचसे इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या अण्णांची, शुभंकर म्हणून आणि पुढे गटात काम करताना जे शिकत गेले, ते लिहिते आहे. औषधांची नावं ओळख असावी म्हणून दिली आहेत. गोळी सुरू करणं, बंद करणं, कमी-जास्त करणं हे न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच करायचं.

हा तर हातापायांचा आजार. मग पोट, झोप, मन यांचा काय संबंध?

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचं वर्णन केलं. बद्धकोष्ठ, लाळ गळणं, झोपमोड यांची नोंद त्यात आहे. पण बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असंही त्यांनी लिहिलं आणि तो समज फार काळ टिकला. कंप, ताठरपणा आणि मंदावलेली हालचाल यांच्यापलीकडे कुणी फारसं पाहत नव्हतं.

मेंदूत 'सब्स्टँशिया नायग्रा' नावाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामाइन हे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन बनवतात आणि या आजारात त्या हळूहळू मरतात. पहिला कंप दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. पण नुकसान तेवढ्यापुरतं नसतं. अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन चुकीच्या आकारात दुमडून साचत जातं आणि ते वास ओळखणाऱ्या भागात, पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेच्या केंद्रात, अगदी आतड्यातल्या नसांमध्येही सापडतं. जर्मनीतल्या ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं की बऱ्याच रुग्णांत सुरुवातच तिथून होते आणि डोपामाइनच्या पेशींची पाळी नंतर येते. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनांवरही परिणाम होतो. म्हणूनच लेवोडोपाच्या, म्हणजे डोपामाइनची कमतरता भरून काढणाऱ्या मुख्य औषधाच्या, गोळीने हात मोकळा झाला तरी पोट, रक्तदाब किंवा उदासी त्या गोळीला दाद देईलच असं नाही. त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेकांना उपाय आहेत.

कंप सुरू व्हायच्या आधी काही कळतं का?

मागे वळून पाहिलं की कळतं. वास कमी होणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं, विनाकारण उदासी किंवा चिंता ही लक्षणं कंपाच्या कित्येक वर्षं आधी, कधी दहा-पंधरा वर्षं आधीही आलेली असतात. एक खांदा दुखतो, 'फ्रोझन शोल्डर' म्हणून सहा-आठ महिने शेक आणि व्यायाम चालतात, आणि मग त्याच बाजूचा हात चालताना हलत नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं. ही गोष्ट गटात इतक्या जणांनी सांगितली आहे की मला आता तिचं नवल वाटत नाही.

वासाचं तर नव्वद टक्क्यांपर्यंत रुग्णांत कमी-जास्त बिघडतं, पण रुग्णाला स्वतःला ते जाणवेलच असं नाही. आमच्या अण्णांच्या शेजारच्याच गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला आणि ते शांतपणे पेपर वाचत बसले होते. आम्हाला वाटलं, लक्ष नाही. गॅसगळतीही कळणार नाही हा धोका त्यात आहे. घरात गॅस डिटेक्टर बसवून घ्या.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. बद्धकोष्ठ घरोघरी असतं आणि कोविडनंतर वास गेलेले लोक खूप आहेत. एकट्या अशा लक्षणावरून पार्किन्सन्स ठरत नाही.

रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात. हे स्वप्न की आणखी काही?

स्वप्न पडत असताना एरवी आपलं शरीर सैल पडलेलं असतं. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न प्रत्यक्ष 'करायला' लागतो. अण्णा एका पहाटे "अरे, धर त्याला!" असं ओरडत पलंगावरून खाली झेपावले आणि भुवईला चार टाके पडले. जागे झाल्यावर म्हणाले, चोर भिंतीवरून उडी मारत होता.

याला रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर म्हणतात. कोणतंही दुसरं कारण नसताना हा त्रास असलेल्या लोकांचा बऱ्याच देशांत मिळून पाठपुरावा झाला, तेव्हा १२ वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला आजार झाला. आधी आलेल्या लक्षणांत हे सगळ्यांत बोलकं.

उपाय साधे आहेत. पलंग बुटका ठेवा, कडेला गादी टाका, टेबलाचे कोपरे आणि काचेचा तांब्या बाजूला करा. जोडीदाराने काही दिवस वेगळं झोपण्यात गैर काही नाही. डॉक्टर मेलाटोनिन किंवा थोड्या मात्रेत क्लोनाझेपाम देतात. उदासीवरच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो, तेव्हा त्या चालू असतील तर सांगा.

झोपमोडीची इतर कारणंही असतात: कूस बदलता न येणं, रात्री गोळी उतरल्यामुळे येणारा ताठरपणा, लघवीला उठणं, पायांतली तळमळ. सॅटिनची चादर किंवा सरकणारा पायजमा कूस वळायला खरंच मदत करतो. आणि दिवसा बोलता-बोलता अचानक डोळा लागत असेल तर गाडी चालवणं ताबडतोब थांबवा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या पार्किन्सन्सवरच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं.

पोट साफ होत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी न्यूरॉलॉजिस्टना त्रास द्यायचा का?

हो, द्यायचा. लेवोडोपा शोषली जाते ती लहान आतड्यात. पोट आणि आतडी मंदावली की गोळी तिथे वेळेवर पोचत नाही आणि मग "आज गोळी लागलीच नाही" असा दिवस येतो. गोळ्या वाढवण्याआधी पोट पाहायला हवं.

पाणी, फळं-भाज्या, रोजचं चालणं, आणि सकाळी चहा-नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी शौचाला बसणं, इथून सुरुवात. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तोच आत अडकतो. त्याने भागलं नाही तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर बहुतेकांना मानवते. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, असं एकत्र दिसलं तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठा.

अ‍ॅसिडिटी, मळमळ, चक्कर यांवरच्या साध्या गोळ्या चालतात ना?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच घातला आहे. काही साध्या वाटणाऱ्या गोळ्या मेंदूतल्या डोपामाइनचा मार्ग अडवतात आणि पार्किन्सन्स बघता-बघता वाढवतात. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असणं अगदी सर्रास आहे. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्कर किंवा अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन आणि सिनारिझिन, भ्रमावर दिली जाणारी हॅलोपेरिडॉल ही त्यातलीच. ठणठणीत माणसालाही या औषधांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, आणि ती बंद केल्यावर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात.

पाकिटावरचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा. या नावांची चिठ्ठी फाइलला टाचून ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांपासून फॅमिली डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला दाखवा. मळमळीसाठी डॉम्पेरिडोन बहुधा चालतं, पण हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून.

उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशक्तपणा आहे का?

बहुतेक वेळा उभं राहिल्यावर रक्तदाब घसरलेला असतो. जवळपास एक-तृतीयांश रुग्णांत हे आढळतं. घरी तपासता येतं: पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो त्रास आहे. प्रत्येकाला चक्कर येतेच असं नाही. कुणाला मानेत-खांद्यात दुखतं, कुणाला नुसतं धूसर दिसतं, कुणी उभ्या-उभ्या गप्प होतो.

इथे एक गोष्ट वारंवार निसटते. दहा वर्षांपूर्वी उच्च रक्तदाबासाठी सुरू झालेली गोळी आता खरंच हवी आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही दाब उतरतो. आधी ही यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी एक-दोन ग्लास पाणी पिणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं, उठून थोडं बसून मग उभं राहणं, पोटऱ्या-मांड्यांना आवळ मोजे, यांनी फरक पडतो. भरपेट भात-वरणाच्या जेवणानंतर आणि कढत पाण्याच्या अंघोळीनंतर दाब जास्त उतरतो, तेव्हा थोडं-थोडं जेवा आणि अंघोळ स्टुलावर बसून करा. मीठ वाढवायचं का, हे हृदय आणि मूत्रपिंडं बघून डॉक्टर ठरवतील. मिडोड्रिन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधंही आहेत.

लघवीची घाई होते, रात्रीतून चार-पाचदा उठावं लागतं.

मूत्राशयाला थोड्या लघवीतही निकड वाटू लागते. संध्याकाळी सहानंतर पाणी-चहा कमी करा, दिवसाचं पाणी मात्र तोडू नका. पुरुषांना प्रोस्टेट, मधुमेह आणि संसर्ग यांची तपासणी आधी हवी. या त्रासावरच्या जुन्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, विसराळूपणा आणि भास वाढवतात. पलंगाशेजारी युरिन पॉट आणि वाटेत रात्रभर मंद दिवा हा रात्रीच्या पडण्यावरचा मोठा उपाय.

ते दिवसभर नुसते बसून असतात. आळशी झालेत की आजारामुळे?

आजारामुळे. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींवर उपाय निराळे आहेत.

नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला ओझं समजतो, रडू येतं, जगण्यात अर्थ वाटत नाही. दुसरी अवस्था औदासीन्याची: दुःख असं नाही, पण उठून काही करावं अशी आतून ऊर्मीच येत नाही. टीव्ही लावला तर बघतील, बंद केला तरी चालेल. तिसरं म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलत नसल्यामुळे चेहरा कोरा दिसतो, आत मात्र सगळं जिवंत असतं. नातवाने पहिल्यांदा पेटी वाजवून दाखवली तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. पोरगा हिरमुसला. रात्री अण्णा त्यांच्या बारीक आवाजात मला म्हणाले, "भूप छान वाजवला हो त्याने."

नैराश्य हे केवळ आजार झाल्याच्या दुःखातून येत नाही, मेंदूतल्या रासायनिक बदलांतून येतं, आणि ते औषधांना आणि समुपदेशनाला दाद देतं. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. औदासीन्याला औषधाचा गुण कमी, ठरलेल्या दिनक्रमाचा आणि कुणीतरी सोबत घेऊन जाण्याचा जास्त. "उठा, काहीतरी करा" यापेक्षा "साडेपाच वाजले, चला, चप्पल घाला" हे चालतं.

पुरेशी झोप होऊनही अंग गळून जाणं, म्हणजे थकवा, ही आणखी वेगळी तक्रार. त्यात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. लेवोडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं.

त्यांना घरात लहान मुलं, माणसं दिसतात. बाहेरचं काही असेल का?

ही बाधा नाही. मेंदूवरचा आजाराचा आणि औषधांचा मिळून झालेला परिणाम आहे. सुरुवात सौम्य असते: कुणीतरी मागे उभं आहे असं वाटणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून मांजर गेल्यासारखं दिसणं. मग सोफ्यावर बसलेली मुलं, अंगणातली माणसं. बऱ्याच शुभार्थींना हे खरं नाही हे कळत असतं, म्हणून ते लाजून सांगत नाहीत. तुम्हीच शांतपणे विचारा.

भांडू नका, "वेड लागलंय" म्हणू नका, आणि हो ला हो करून गोष्ट वाढवूही नका. दिवा लावा, जवळ बसा, विषय बदला. भास अचानक सुरू झाले तर आधी लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, ताप, नवी गोळी ही कारणं शोधायची. डॉक्टर बहुधा इतर गोळ्या एकेक कमी करत जातात. औषध लागलंच तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन वापरतात, क्लोझापिनला रक्ततपासणीची शिस्त लागते.

जोडीदारावर संशय घेणं हा या भ्रमाचा सगळ्यांत क्लेशकारक प्रकार. चाळीस वर्षं संसार केलेली बाई हे कुणाला सांगत नाही. तिने ते डॉक्टरांना सांगायला हवं, कारण तो आजार बोलत असतो आणि त्यावर उपचार होतो.

गोळ्या सुरू झाल्यापासून खरेदी, लॉटरी, मोबाइलवरचे पैशाचे खेळ वाढलेत.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे डोपामाइनसारखं काम करणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण सहातल्या एकाला असं होऊ शकतं. जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं, कामेच्छा अनावर होणं, एखादी वस्तू तासन् तास उघडून जोडत बसणं. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. गोळी कमी केली की बहुतेकांचं शांत होतं. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने चिंता, घाम आणि तीव्र उदासी येते. तोवर बँकेचे व्यवहार दोघांच्या नजरेखाली ठेवा.

पुढे स्मृतिभ्रंश होणारच का?

सगळ्यांना नाही, पण धोका आहे आणि तो वय वाढेल तसा वाढतो. पहिल्यांदा बिघडते ती आठवणीपेक्षा कामाची आखणी: एका वेळी दोन गोष्टी करणं, बिलं भरणं, नेहमीच्या रस्त्याचा अंदाज. सिडनीतल्या दीर्घ पाठपुराव्यात निदानानंतर २० वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्क्यांना डिमेन्शिया होता. हा आकडा इंटरनेटवर वाचून लोक घाबरतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत पहिल्या १० वर्षांतलं प्रमाण समजलं जात होतं त्यापेक्षा बरंच कमी दिसलं. रिव्हास्टिग्मिन हे औषध काही जणांना चांगला आधार देतं.

हालचालीच्या त्रासाच्या आधीच किंवा त्यापासून एका वर्षाच्या आत स्मृतिभ्रंश दिसला तर डॉक्टर 'लेवी बॉडी डिमेन्शिया'चा विचार करतात. पहिल्या दोन-तीन वर्षांतच वारंवार तोल जाऊन पडणं किंवा लेवोडोपाचा काहीच उपयोग न होणं, यावरूनही निदान पुन्हा तपासायला हवं.

आमची 'स्टेज' कुठली?

मार्गारेट होएन आणि मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये पाच टप्पे मांडले. पहिला: एकाच बाजूला लक्षणं. दुसरा: दोन्ही बाजूंना, पण तोल शाबूत. तिसरा: तोल जाऊ लागतो, तरी माणूस स्वतःचं स्वतः करतो. चौथा: मदत लागते, पण उभं राहता-चालता येतं. पाचवा: आधाराशिवाय खुर्ची किंवा अंथरूण सुटत नाही.

हे टप्पे फक्त हालचालीचे आहेत. दुसऱ्या टप्प्यातला माणूस भास आणि रक्तदाबामुळे बेजार असू शकतो, आणि तिसऱ्यातला काठी घेऊन लग्नाला जाऊन जेवून येतो. प्रत्येक जण पाचव्यापर्यंत जातो असंही नाही. सर्वसाधारणपणे कंप ठळक असलेल्यांचा आजार हळू सरकतो. सुरुवातीपासून तोल आणि चाल बिघडलेली असेल, किंवा झोपेतली झटापट, रक्तदाब घसरणं आणि विसराळूपणा हे तिन्ही लवकर आले असतील, तर तो तुलनेने वेगाने जातो. म्हणून टप्प्याचा आकडा विचारण्यापेक्षा कंपाव्यतिरिक्तच्या लक्षणांची यादी बनवा. डॉक्टरांकडे त्यासाठी ३० प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली असते. ती वर्षातून एकदा भरून द्या.

गेल्या आठवड्यापर्यंत चालत होते, आता उठवत नाही. आजार वाढला का?

पार्किन्सन्स महिन्या-वर्षांनी सरकतो, चार दिवसांत नाही. अचानक खालावलं की दुसरं कारण शोधायचं, आणि ते बहुधा सापडतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, म्हाताऱ्या माणसात कधी तापाशिवायही. साठलेलं पोट. उन्हाळ्यात किंवा जुलाबात कमी झालेलं पाणी. चुकलेल्या गोळ्या, गोळीची बदललेली कंपनी. वर सांगितलेल्यांपैकी एखादी नवी गोळी. पडल्यावर डोक्याला लागलेला मार किंवा खुब्याला गेलेली बारीक चीर.

"आजारच वाढलाय, वय झालं" असं म्हणून घरचे थांबतात आणि साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा माणूस अंथरुणाला खिळतो. मला या संपूर्ण पानावरचं एकच उत्तर लोकांच्या लक्षात राहावं असं वाटतं, ते हे.

गोळी लवकर सुरू केली तर लवकर 'संपते' का?

नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, लेवोडोपा आधी आणि ४० आठवडे उशिरा सुरू करणाऱ्यांत शेवटी फरक आढळला नाही. घानातल्या रुग्णांना औषध फार उशिरा मिळत असे. त्यांची इटलीतल्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा गोळीचा असर लवकर उतरणं आणि अंगाच्या अनैच्छिक हालचाली यांचा संबंध आजार किती वर्षांचा आहे याच्याशी जास्त निघाला, गोळी किती वर्षं घेतली याच्याशी नाही. त्रास सोसत गोळी राखून ठेवण्यात काही हाती लागत नाही.

काही वर्षांनी एक गोळी चार-सहा तास पुरायची ती तीन तासांत उतरू लागते. त्या वेळी नुसता हात जड होत नाही. छातीत धडधड, घाम, भीती, पोटदुखी, पहाटे पायाची बोटं आत वळून पेटके, असंही होतं. हृदयविकार समजून लोक ईसीजी काढून येतात. छातीचं पहिल्यांदा तपासून घ्यावंच, पण हे ठरावीक वेळी, गोळीच्या आधी येतंय का, हेही घड्याळ लावून लिहा.

उपास, दूध, डाळ, आयुर्वेद यांचं काय?

प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात आणि एकमेकांना अडवतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, पाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर नको. प्रथिनं बंद करू नका, वजन आणि स्नायू घटतात. फार फरक जाणवत असेल तर डाळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाच्या गोळीत आणि लेवोडोपात दोन तासांचं अंतर ठेवा.

निर्जळी उपास अजिबात नको. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांवर दिवस काढला की पोटही अडतं आणि दाबही उतरतो. श्रद्धा असेल तर फळं, ताक, राजगिरा आणि भरपूर पाणी घेऊन करा, गोळ्यांच्या वेळा न चुकवता.

खाजकुहिलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांत खरोखर लेवोडोपा असतं. म्हणूनच ते चूर्ण गोळ्यांच्या जोडीला गुपचूप घेणं म्हणजे मात्रा वाढवणं. चूर्णात ते नेमकं किती हे ठाऊक नसतं. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही एकमेकांची औषधं सांगा.

जेवताना ठसका लागतो, लाळ गळते.

लाळ जास्त सुटत नाही, गिळणं कमी झालेलं असतं. ठसका मात्र गंभीर समजा, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. ताठ बसून, गोळीचा असर असताना, लहान घास, टीव्ही बंद. पाण्यासारखे पातळ पदार्थ जास्त त्रास देतात, तर पोहे-चिवड्यासारखे भुगा होणारे पदार्थही. बोलण्या-गिळण्याच्या (स्पीच) थेरपिस्टला लवकर दाखवा, वजन घटल्यावर नव्हे.

आजार थांबवणारं औषध आलंय का?

अजून नाही. मधुमेहावरच्या एक्झेनाटाइडकडून मोठी आशा होती, पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने आजार मंदावल्याचं दिसलं नाही. डीबीएस, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, कंप आणि गोळीच्या चढ-उतारांवर फार गुणकारी ठरते, पण ती आजाराची वाटचाल थांबवत नाही आणि स्मृतिभ्रंश असेल तर सहसा करत नाहीत. स्टेमसेलच्या जाहिराती करून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा.

व्यायामाचा फायदा मात्र सातत्याने दिसत आला आहे: दम लागेल इतकं चालणं, ताणाचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, मोठ्याने वाचन. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. तालावर पाय उचलला जातो तेव्हा जमिनीला चिकटणारी पावलं सुटतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याशी जोडून घ्या.

किती वर्षं?

साठीच्या आसपास निदान झालेले बरेच जण पंधरा-वीस वर्षं, काही त्याहून जास्त जगतात. आयुष्य काहीसं कमी होतं, पण किती, हे पडणं, गिळणं, संसर्ग आणि स्मृती यांच्यावर ठरतं.

रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर?

गोळ्यांच्या वेळा मिनिटासकट लिहून केसपेपरवर लावायला सांगा. वॉर्डात 'सकाळ-दुपार-रात्र' अशी वाटप असते, पार्किन्सन्सची गोळी तशी चालत नाही. लेवोडोपा एकदम थांबली तर तीव्र ताठरपणा, ताप आणि बेशुद्धी असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. तोंडाने काही घ्यायचं बंद ठेवायचं असेल तर नाकातल्या नळीतून गोळी देता येईल का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा. टाळायच्या औषधांची ती चिठ्ठी इथेही दाखवा.

अपंगत्व प्रमाणपत्र मिळतं का?

मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरातही वजावट आहे. तपासणीला जाताना कंपाबरोबर पडण्याच्या, गिळण्याच्या, स्मृतीच्या तक्रारींचे कागदही न्या आणि सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घेऊनच निघा.